गच्चीतून ताटात: पुण्यात आपली भाजी-फळं पिकवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडच्या गच्च्या, बाणेरच्या बाल्कन्या, सोसायटीने सभासदांना वाटून दिलेले वाफे, मुळशी-भोरकडे घेतलेले गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे. पुण्यात अशा ठिकाणी भाजी पिकवणाऱ्यांकडून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. महिने आणि वाणं पुण्याच्या हवेला धरून दिली आहेत. कोकणात किंवा विदर्भात ती मागे-पुढे होतील.

१. आजवर एकही झाड लावलेलं नाही. सुरुवात कशापासून करू?

आधी वही घ्या आणि आठवडाभर घरात काय काय शिजलं ते लिहून काढा. त्या यादीत जे तीनदा आलं, ते लावा. बियांच्या पाकिटावरचं चित्र बघून ब्रोकोली लावली जाते आणि ती काढणीला येते तेव्हा घरात कोणालाच तिचं काय करायचं ते माहीत नसतं. झाडाची निगा आपण ज्या ओढीने राखतो, ती ओढ स्वयंपाकघरातून येते.

बहुतेक पुणेरी घरांत ही यादी मेथी, कोथिंबीर, मिरची आणि कढीपत्त्यावर येऊन थांबते. पहिलं पीक मेथीचंच घ्या. डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवा, टोमॅटोच्या जुन्या क्रेटमध्ये माती भरून दाटीने पेरा आणि वर बोटाच्या पेराएवढी माती पसरा. तीन ते पाच दिवसांत उगवते आणि २५-३० दिवसांत भाजीला येते. एका क्रेटमधून साधारण एक जुडी निघते. टोमॅटो आणि फ्लॉवर दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

२. आमच्या बाल्कनीत ऊन फार कमी येतं. काही येईल का?

येईल, पण फळभाजीचा हट्ट सोडावा लागेल. वांगी, टोमॅटो, भेंडी, मिरची आणि वेलवर्गीय भाज्यांना रोज सहा तास थेट ऊन लागतं. पालेभाज्यांचं तीन-चार तासांत भागतं. अळू, पुदिना, आलं आणि हळद त्याहून कमी उन्हातही तग धरतात.

ऊन एकदाच मोजून निर्णय घेऊ नका. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, डिसेंबरात तो बराच दक्षिणेला झुकतो. त्यामुळे उत्तरेकडच्या बाल्कनीत मे महिन्यात ऊन दिसतं आणि नेमक्या भाजीच्या हंगामात, थंडीत, ते नाहीसं होतं. दक्षिणेकडच्या बाल्कनीत याच्या उलट होतं, म्हणून हिवाळी भाजीला दक्षिण बाल्कनी सर्वांत चांगली.

३. माती कोणती घ्यावी? गावाकडून काळी माती आणली तर चालेल ना?

शेतात ती सोनं आहे, पण कुंडीत एकटी वापरू नका. पावसाळ्यात चिकट होऊन पाणी धरून ठेवते, मेमध्ये भेगाळते आणि कडेने पाणी निसटून जातं. तिच्यात निम्मं तरी हलकं साहित्य मिसळा: पूर्ण कुजलेलं शेणखत, गांडूळखत, पालापाचोळ्याचं खत, थोडं कोकोपीट. दर कुंडीला मूठभर नीमपेंड घाला.

दोन गोष्टी मात्र टाळा. बांधकामाच्या जागेवरची फुकट माती घेऊ नका. त्यात सिमेंट आणि चुना असतो, झाडं पिवळी पडून खुरटतात. राखही घालू नका. आपल्याकडची काळी माती मुळातच विम्लाकडे (आम्लाच्या उलट) झुकलेली आणि चुनखडीयुक्त आहे, बोअरचं पाणीही बहुधा जड असतं. त्यात राखेची भर पडली की झाडाला लोह मिळेनासं होतं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या, तर कारण बहुतेक वेळा हेच असतं.

४. गच्चीवर थेट मातीचे वाफे केले तर स्लॅब पेलेल का?

हा प्रश्न विचारलात हे फार चांगलं केलंत, कारण बरेच जण वाफे भरून झाल्यावर विचारतात. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार दर चौरस मीटरला साधारण १५० किलो आहे. ओल्या मातीचं वजन लिटरला दीड किलोच्या पुढे जातं. म्हणजे दहा इंच मातीचा सलग वाफा केला, तर चौरस मीटरला पावणेचारशे किलोहून जास्त भार झाला.

म्हणून सलग वाफे संरचना अभियंत्याला दाखवल्याशिवाय करूच नका. जड ड्रम तुळईच्या किंवा खांबाच्या डोक्यावर ठेवा. क्रेट सुटे ठेवा आणि विटांवर उचलून घ्या, म्हणजे खालून पाणी वाहतं आणि गळती लगेच दिसते. क्रेटचा खालचा अर्धा भाग सुका पालापाचोळा आणि उसाच्या चिपाडांनी भरा. रसवंतीवाले चिपाडं आनंदाने देतात. ती कुजत जातात तसा क्रेट खाली बसतो, वरून भर घालत राहा. कठड्यावर कुंडी कधीही ठेवू नये. वाऱ्याने पडलेली कुंडी खालच्या माणसाचा जीव घेऊ शकते.

५. कोणत्या महिन्यात काय लावायचं?

पुण्याचे तीन हंगाम स्पष्ट आहेत. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर आणि त्याआधी एप्रिल-मेमध्ये चाळिशीकडे जाणारा पारा, हे दोन्ही सांभाळून आखणी करायची.

मृगाच्या सरी पडल्या की भेंडी, गवार, दोडका, कारलं, दुधी, पडवळ, काकडी आणि लाल भोपळा लावा. वेल चढवायला मांडव आधी तयार हवा, कारण पावसात वेल वाट बघत नाही. अळू आणि माठ याच काळात जोमात असतात. मेथी-कोथिंबीर भर पावसात सडते, ती आडोशालाच लावा.

सगळ्यांत मोलाचा काळ म्हणजे गणपतीनंतरचा. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी आणि फ्लॉवर यांची रोपं ऑगस्ट-सप्टेंबरात तयार करून पाऊस ओसरताना लावली, तर दिवाळीनंतर ताट भरून जातं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मटार, गाजर, मुळा, पालक, चाकवत, चुका, मेथी, कोथिंबीर, लसूण सगळं पेरता येतं. ऑक्टोबरचं ऊन बोचरं असतं, नव्या रोपांवर पहिला आठवडा जुनी साडी किंवा हिरवी जाळी धरा. वांग्यात मांजरी गोटा हे वाण अवश्य लावून बघा. नाव पुण्याजवळच्या मांजरीचं आहे आणि भरल्या वांग्याला त्याच्यासारखं दुसरं नाही.

उन्हाळी हंगामासाठी जानेवारीच्या अखेरीपासून भेंडी, गवार, चवळी, काकडी आणि दोडका पेरा. एप्रिलमध्ये नवीन काही सुरू करू नका. तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की टोमॅटोची फुलं गळतात, त्या झाडांवर फार श्रम घालवू नका. अंबाडी आणि मायाळू मात्र उकाड्यातही साथ देतात.

६. कोथिंबीर उगवतच नाही, आणि उगवली तरी लगेच फुलावर येते. असं का?

एका धण्यात दोन बिया असतात. धणे पोळपाटावर ठेवून लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, तोवर माती कोरडी पडू देऊ नका. किराणा दुकानातले धणे जुने असू शकतात, उगवण कमी दिसली तर बियाण्याचे धणे आणा.

लवकर फुलावर येण्याचं कारण उष्णता. मार्चनंतर सावलीत, जाळीखाली पेरा आणि कोवळी असतानाच काढा. थंडीत दर पंधरा दिवसांनी एकेक क्रेट पेरलात तर जानेवारी अखेरपर्यंत विकत आणावी लागत नाही.

७. उन्हाळ्यात पाणीकपात असते. झाडं कशी जगवायची?

मातीवर तीन-चार इंच पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. एवढ्यानेच पाण्याची गरज पुष्कळ घटते. पाणी पहाटे किंवा सूर्यास्तानंतर द्या. मोठ्या वाफ्यात बिनचकाकीचं छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवा, मातीला लागेल तसं ते झिरपत राहतं. चार-पाच दिवस गावाला जाताना याचा फार उपयोग होतो.

तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेलं पाणी बिनधास्त घाला. भांड्यांचं साबणाचं पाणी नको. जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात, ते साध्या पाण्यात मिसळून अधूनमधून द्या, रोज नको. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी पुसून कोरड्या करा, डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो.

८. घरच्या ओल्या कचऱ्याचं खत भाजीला पुरतं का?

पालेभाजीला पुरतं. फळभाजीला त्यासोबत नीमपेंड आणि दर पंधरवड्याला जीवामृत द्या. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो देशी गाईचं ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि मूठभर जिवंत माती (रासायनिक खत-औषध न पडलेली) घालून सावलीत दोन-तीन दिवस ठेवा, रोज ढवळा, मग दहापट पाण्यात घालून मुळाशी द्या. कचऱ्याच्या डब्याला वास येत असेल तर ओल जास्त झाली आहे, सुका पाला वाढवा. सोसायटीत गांडूळखत प्रकल्प चालू असेल तर महापालिकेकडून मिळकतकरात सवलत मिळते, त्यासाठी अर्ज करायला विसरू नका.

९. दुधीला फुलं भरपूर, पण फळ धरत नाही. खत कमी पडतंय का?

खत बहुतेक जास्तच झालेलं असतं. आधी फुलं नीट बघा. वेलवर्गीय झाडांवर पहिले काही दिवस फक्त नर फुलं येतात, त्यांच्या मागे नुसता देठ असतो. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ दिसतं. मादी फुलं येऊनही फळ पिवळं पडून गळत असेल, तर परागीभवन झालेलं नाही. उंच इमारतींच्या गच्चीवर मधमाश्या कमी पोचतात.

हाताने करा, पण वेळ चुकवू नका. भोपळा, काकडी, कारलं आणि घोसाळ्याची फुलं सकाळी उमलतात. दुधीची पांढरी फुलं आणि दोडक्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात. सकाळी ब्रश घेऊन दुधीपाशी गेलात तर कोमेजलेलं फूल हाती लागतं. संध्याकाळी नर फूल तोडा, पाकळ्या मागे वळवा आणि त्याचे पराग मादी फुलाच्या मधोमध हलके टेकवा.

१०. मिरचीची पानं आकसली आहेत. कोणतं औषध मारू?

औषधाआधी पान उलटून बघा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे आहेत. कडा खाली वळल्या असतील तर कोळी, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारी रस शोषणारी कीड. फुलकिडे, मावा, तुडतुडे आणि पांढरी माशी यांच्यावर निंबोळी अर्क चालतो: ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबण घाला, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा आणि आठवड्याने पुन्हा. कोळ्यावर पाण्यात मिसळणारं गंधक, तेही उन्हाची वेळ टाळून. फवारणीनंतर दोन-तीन दिवस भाजी तोडू नका आणि तोडल्यावर नीट धुवा.

नवीन येणारं प्रत्येक पान चुरगळलेलं, बारीक आणि झाड खुरटलेलं असेल, तर तो विषाणू आहे. भेंडीची पानं जाळीदार पिवळी पडणारा हळद्या रोगही असाच. यावर औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाकून द्या, खतात घालू नका. शेजारच्या झाडांवर पांढरी माशी दिसली तर पिवळे चिकट सापळे लावा.

११. घरचा दुधी कडू निघाला. मीठ लावून, उकळून खाल्ला तर चालेल?

नाही. फेकून द्या. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात आणि ती शिजवल्याने जात नाहीत. उलट्या, जुलाब, रक्तस्राव आणि क्वचित मृत्यूपर्यंत गोष्ट जाते. दुधी, दोडका, घोसाळं, काकडी चिरल्यावर कच्ची चकती जिभेला लावून बघा, कडू लागली तर थुंकून चूळ भरा आणि ते फळ वापरू नका. काकडीचा फक्त देठाकडचा तुकडा कडू असेल तर तेवढा कापून उरलेली चाखून खाता येते, दुधीच्या बाबतीत ही सूट घेऊ नका. रस पिणाऱ्यांनी विशेष जपावं, कारण रसात एका वेळी बरंच पोटात जातं. कारल्याचा कडवटपणा वेगळ्या द्रव्यांचा आहे, ते नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही.

१२. गच्चीवर फळझाडं येतात का?

निवडक येतात. पेरू पहिला. सरदार पेरू, ज्याला लखनौ-४९ म्हणतात, त्याची निवड इथेच गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात झाली. गणेश डाळिंबही तिथलंच. आपल्या हवेत निवडलेली ही झाडं असताना परक्या हवेतल्या फळांसाठी धडपडण्याचं कारण मला दिसत नाही. कलमी रोप, दोनशे लिटरचा अर्धा कापलेला ड्रम आणि दरवर्षी छाटणी एवढं पाळा.

अंजीर कुंडीत फार छान राहतं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती हवा आपल्यापासून लांब नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटलं तर उन्हाळ्याच्या तोंडी मीठा बहार मिळतो. पावसाळ्यात पानांवर तांबेरा येतो, ती पानं वेचून टाका. लिंबात साई सरबती घ्या. पपईची रोपं दोन-तीन लावा, बियांपासून आलेलं एखादं नर निघतं. स्ट्रॉबेरीची रोपं ऑक्टोबरात लावून थंडीभर हौस भागते, पण पुढच्या पावसात ती टिकत नाहीत. आंब्याला जमीनच द्या.

१३. पेरूत अळ्या निघतात. काय करू?

ती फळमाशी, आणि पावसाळ्यात तिचा जोर असतो. पावसाळ्यात पिकणारी फळं लहान असतानाच काढून टाका आणि मृग बहारावर, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलोऱ्यावर, भर द्या. त्याची फळं थंडीत येतात, गोड असतात, अळीही कमी. शेतकरी त्यासाठी उन्हाळ्यात पाणी तोडतात. ड्रममध्ये पूर्ण तोडू नका, झाड मरेल, निम्म्यावर आणा आणि जूनमध्ये खत द्या. फळ लिंबाएवढं झालं की कागदी किंवा कापडी पिशवी बांधा. फळमाशीचा सापळा घेताना आमिष बघा: पेरू-आंब्यासाठी मिथाइल युजेनॉलचा आणि वेलभाज्यांसाठी क्यू-ल्युअरचा घ्या. एकाचं काम दुसऱ्याने होत नाही. गळकी फळं रोज उचला.

१४. तोडणी नेमकी कधी करायची?

लवकर. भेंडी फूल गळल्यापासून पाच-सहा दिवसांत, टोक बोटाने कट्कन मोडतं तोवर. गवार बी फुगायच्या आत. दोडका नखाने साल सहज टोचते तेव्हा. वांगी साल चमकदार असताना, चमक गेली की बिया जून झाल्या. एक जून भेंडी झाडावर राहिली तरी पुढचा बहार मंदावतो, म्हणून खायची नसली तरी तोडा.

१५. कुंडीतला अळू खाल्ला आणि घसा खवखवला. अळू विषारी असतो का?

अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, खाज त्यांची. काळसर देठाचा वडीचा अळू कमी खाजतो, हिरव्या देठाचा भाजीचा. दोन्ही पूर्ण शिजवा आणि चिंच किंवा आमसूल घाला, चिरताना हाताला तेल लावा. रोप खात्रीच्या घरातून आणलेलं असावं. नर्सरीत शोभेसाठी मिळणारे रंगीत, ठिपक्यांचे अळूसारखे प्रकार खायचे नसतात.

१६. एका वेळी पाच भेंड्या, दोन वांगी आणि मूठभर गवार निघते. यात भाजी कशी होणार?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण आपल्या सणांनी याचं उत्तर आधीच देऊन ठेवलं आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, परसात हाताने पिकवलेलंच खायचं. म्हणून त्या दिवशीच्या भाजीत अळू, माठाचे देठ, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे असं सगळं थोडं थोडं एकत्र शिजतं. मसाला नाही, मीठ, हिरवी मिरची, चिंचेचा कोळ आणि ओलं खोबरं. घरच्या ताज्या भाजीची चव कळायला याहून चांगला पदार्थ नाही. थंडीत हेच काम भोगीची भाजी करते: वांगी, गाजर, पावटे, मटार, ओला हरभरा, तीळकूट, दाण्याचं कूट, गोडा मसाला आणि शेजारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी. हे दोन पदार्थ सणापुरते ठेवू नका, आठवड्याच्या मिश्र तोडणीसाठी करत जा.

पालेभाजी अर्धी मूठच असेल तर ती पातळ करा. चाकवत किंवा पालक ताकात, थोडी हरभराडाळ आणि दाणे घालून, वर लसणाची फोडणी. कोवळी मेथी शिजवूच नका, बारीक चिरून कांदा, दाण्याचं कूट, लिंबू, मीठ आणि कच्चं तेल घालून पचडी करा. दोडक्याच्या शिरा तीळ-खोबऱ्यासोबत परतून चटणी होते. मुळ्याचा पाला हरभराडाळीसोबत, भोपळ्याची नर फुलं भज्यांत. कोणती फुलं नर, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

१७. आणि एकदम पाच किलो टोमॅटो आले तर?

सार करून संपत नाहीत हे खरं. चिरून शिजवा, गाळा, आटवा आणि लहान डब्यांत गोठवा. थंडी सरता सरता झाडावर राहिलेल्या हिरव्या टोमॅटोंची तीळ आणि दाण्याचं कूट घालून चटणी करा. जास्तीच्या मिरच्यांना चीर देऊन धणे-मेथीपूड, मीठ आणि ताक लावून उन्हात वाळवा, सांडगी मिरची वर्षभर दहीभाताला पुरते. कोवळी गवार मीठ-ताकात बुडवून वाळवली की तळणीला येते. पुण्याचा एप्रिल पेरणीला निकामी असला तरी वाळवणाला उत्तम आहे.

१८. स्वतःचं बी धरता येतं का?

सरळ किंवा देशी वाण असेल तर धरा. संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी मूळ झाडासारखं येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री याच कामासाठी मिळाला, त्यांनी घरच्या घरी गावरान वाणं जपली. सर्वांत निरोगी झाडावरचं पहिलं-दुसरं चांगलं फळ बियांसाठी राखा आणि पूर्ण जून होऊ द्या. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस आंबवून बी धुवा. सावलीत वाळवून राखेत, हवाबंद बाटलीत ठेवा. कडू निघालेल्या दुधी-काकडीचं बी मात्र कधीही धरू नका (प्रश्न ११).

१९. यातून पैसे वाचतात का?

कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, मिरची, गवती चहा आणि पालेभाज्यांत वाचतात. कांदा-बटाट्यात नाही, ते मार्केट यार्डातूनच आणा.

२०. आम्ही शहराबाहेर वाफा घेतला आहे, पण आठवड्यातून एकदाच जाता येतं. काय लावू?

रोज तोडावी लागणारी पिकं टाळा: भेंडी, गवार आणि काकडी आठवड्यात जून होतात. लाल भोपळा, सुरण, हळद, आलं, रताळं, कंदासाठी अळू, शेवगा, तूर आणि वाल ही पिकं तुमची वाट बघतात. शेवग्याची फांदी जूनमध्ये लावली की पुढच्या वर्षी शेंगा, आणि पाला त्याआधीच. हळद मेअखेर लावून साधारण नऊ महिन्यांनी पानं वाळली की काढा, गणपतीच्या दिवसांत तिच्या हिरव्या पानांत पातोळ्या करा. रानडुकरांचा त्रास असलेल्या भागात रताळं वगळा. पाण्यासाठी ठिबक आणि टायमर बसवा, नाही तर प्रश्न ७ मधली मडकी पुरा. पालेभाजी आणि मिरची घराच्या बाल्कनीत ठेवा, म्हणजे दोन फेऱ्यांच्या मधले दिवस तिथून निभतात.